हात पोचतो तिथे काय ठेवायचं

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं. बाहेर बोर्डावर विषय लिहिलाय, 'गाडीतले कप्पे आणि सोयी कशा वापराव्यात', आणि तो वाचूनही तुम्ही आत आलात म्हणजे एकतर तुम्हाला खरंच आवड आहे किंवा बाहेर ऊन फार आहे. मला दोन्ही चालतं.

माझी ओळख करून देताना मघाशी सांगितलंच की मी ग्रंथपाल होते, मग ही बाई गाडीवर काय बोलणार असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. तर तेच सांगायला आलेय. ग्रंथालयात एक गोष्ट अंगात भिनते, ती म्हणजे वस्तू कुठे मावते यापेक्षा ती हवी असेल तेव्हा मिळेल का हा प्रश्न मोठा. गाडीत आपण नेमकं उलटं करतो, कप्प्याचा आकार बघतो आणि त्यात जे जाईल ते कोंबतो, लांब कप्प्यात छत्री, चौकोनी कप्प्यात कागद, गोल खळग्यात सुटे पैसे. माझं म्हणणं असं की गाडीतल्या वस्तू, बटणं, सगळंच, हात केव्हा पोचतो यावरून लावायचं. त्याची मी तीन वर्तुळं केलीत. ती शेवटी सांगते, आज खरं तर त्यासाठीच आलेय, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी हवी.

आधी हात वर करा बघू, किती जणांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये हातमोजे आहेत? एकही नाही. तुमचे आहेत काका? मोटरसायकलचे? ते धरत नाही.

पण नाव तिथूनच आलंय. सुरुवातीच्या गाड्या उघड्या होत्या, हीटर नाही, समोर धड काच नाही, तेव्हा हातमोज्यांशिवाय चालवणं कठीण. डोरोथी लेव्हिट नावाची एक ब्रिटिश बाई होती, गाड्यांच्या शर्यतीत भाग घ्यायची, तिने १९०९ साली बायकांनी गाडी कशी चालवावी यावर लिहिलं आणि त्यात सीटखालच्या छोट्या ड्रॉवरमध्ये काय काय ठेवावं ते सांगितलंय. हातमोजे, रुमाल, आणि एक हातातला आरसा. तो आरसा केस बघायला तर होताच, पण अधूनमधून वर धरून मागून काय येतंय तेही बघा असं ती सांगते, तेव्हा गाडीला आतला आरसा नसायचाच! म्हणजे कप्प्यात ठेवायच्या वस्तूंच्या यादीतून एक सोय पुढे गाडीतच बसली. मला हे फार आवडतं. कोणाला नाही आवडलं तरी चालेल.

आता माझ्या ग्लोव्ह बॉक्सकडे येते. एकदा तो रिकामा करून मी यादी केली, सवयच ती. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्या, सुकलेली दोन बॉलपेनं, चष्म्याची रिकामी डबी, कुठल्याही फोनला न लागणारी केबल, आणि सगळ्यात खाली, कोऱ्या प्लास्टिकच्या कव्हरात, गाडीचं मॅन्युअल. चार वर्षं. कव्हरची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. आणि हे मी, आयुष्यभर लोकांना वाचा वाचा म्हणून सांगणारी.

तर ते मॅन्युअल पहिल्यांदा कधी उघडलं तो किस्सा. घरचे म्हणतात आई आता पुरे, पण तुम्ही घरचे नाही.

आम्ही दोघं, मी आणि हे, एका कार्यक्रमाहून रात्री उशिरा परत निघालो. गाडी पार्किंगमध्ये, तेही जमिनीखाली दुसऱ्या मजल्यावर, फोनला रेंज शून्य. मी किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. जवळ जाऊन दाबलं, वर धरून दाबलं, ह्यांनी माझ्या हातातून घेऊन दाबलं (पुरुषांनी दाबलं की लागतं अशी एक समजूत असते), तरी काही नाही. बॅटरी संपली होती. आणि संपणार हे गाडी पंधरा दिवस सांगत होती हो! रोज स्क्रीनवर 'किल्लीची बॅटरी कमी' असं यायचं आणि रोज मी ओके दाबून ते घालवायचे. ओके म्हणजे काय, तर गप्प बस.

हे म्हणाले, "मॅन्युअलमध्ये बघ ना, लिहिलं असेल." मी म्हटलं, "मॅन्युअल कुठाय?" मग आम्ही दोघांनी काचेतून आत बघितलं. ग्लोव्ह बॉक्स दिसत होता. गाडी कशी उघडायची ते गाडीत लिहून ठेवलेलं होतं.

वॉचमन आला, त्याने टायरला लाथ मारून बघितली, का ते मी विचारलं नाही. मग शेजारच्या गाडीपाशी एक मुलगी आली, असेल वीस-बावीसची, तिने दोन मिनिटं आमचा तमाशा बघितला आणि म्हणाली, "काकू, द्या इकडे." किल्लीच्या कडेला एक बारीक खाच होती, ती तिने नखाने सरकवली आणि त्या प्लास्टिकच्या पोटातून एक साधी लोखंडी किल्ली बाहेर काढली! चार वर्षं रोज हातात धरलेल्या वस्तूच्या आत दुसरी वस्तू होती आणि मला पत्ता नाही.

आता किल्ली आहे पण भोक कुठाय? दाराच्या हँडलला भोकच नाही. तेही तिलाच माहीत. हँडलच्या टोकाला एक टोपण असतं, खालून किल्लीचं टोक घालून उचकटायचं. ह्यांनी उचकटलं. टोपण टुणकन उडालं आणि शेजारच्या गाडीखाली गेलं, तो वेगळा अध्याय. दार उघडलं. आणि सायरन सुरू! रिमोट न वापरता दार उघडलं म्हणजे चोर, असं गाडीला वाटलं. बंद पार्किंगमध्ये तो आवाज कसा घुमतो ते सांगत नाही, वॉचमन आता आमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला. मुलगी शांतपणे म्हणाली, ब्रेकवर पाय ठेवा, मेलेली किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि दाबा. टेकवली, दाबलं, गाडी चालू, सायरन बंद.

हे कसं झालं ते मग घरी वाचलं. किल्लीत एक चिप असते तिला स्वतःची बॅटरी लागतच नाही, बटणाजवळच्या कॉइलमधून तिला जेवढी लागते तेवढी वीज मिळते, पण त्यासाठी ती अगदी चिकटून हवी. काही गाड्यांत ती जागा बटणापाशी नसते, कपहोल्डरमध्ये असते, आर्मरेस्टखाली असते, ती आपापल्या मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, आणि कृपा करून गाडीबाहेर अडकायच्या आधी बघा. बॅटरी म्हणजे बहुतेक वेळा नाण्याएवढा सेल, त्यावर २०३२ लिहिलेलं असतं, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. नंबरातच माप! आमच्या ग्रंथालयातल्या क्रमांकांसारखं. तुमच्या किल्लीतला २०२५ असेल तर तो जाडीला २.५, एकाच्या जागी दुसरा घालू नका.

माझी तक्रार गाडीवर नाही. गाडी घेतली त्या दिवशी शोरूमच्या मुलाने आम्हाला पाऊण तास सगळं समजावून सांगितलं. त्यात फोन कसा जोडायचा आणि आतल्या दिव्यांचे ६४ रंग कसे बदलायचे, एकेक रंग लावून दाखवला हो, ह्यांना जांभळा आवडला, तो आजतागायत लावलेला नाही. किल्लीच्या पोटात किल्ली आहे हे सांगायला दहा सेकंद लागतात. तेवढे नव्हते.

चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं? दहा. बरं, आवरते.

एक फक्त सांगते, ते सिगारेट लायटरचं भोक. ते मुळात प्लग म्हणून बनवलेलंच नव्हतं! आत तापणारी कॉइल धरून ठेवायची, तापली की बाहेर ढकलायची, एवढंच त्याचं काम. म्हणून त्यात चार्जर खोचला की खड्ड्यात गाडी हादरली की निसटतो, तुमचं नशीब खराब नाही, भोकच तसं आहे. त्यावर १२ व्होल्ट आणि फ्यूज १० अँपिअरचा असेल तर १२० वॅटच्या वर काही लावू नका, टायरमध्ये हवा भरायचा पंप तेवढ्याच्या आसपास जातो, तेव्हा इंजिन चालू ठेवा. आणि गाडीतल्या जुन्या यूएसबीवर फोन लावून, मॅप चालू ठेवून, तरी चार्ज का उतरतो असं परवा एकांनी विचारलं. त्यातले बरेच पोर्ट गाणी वाजवण्यासाठी दिलेले, अर्धा अँपिअर, ५ व्होल्ट, म्हणजे अडीच वॅट. मॅप, जीपीएस आणि उजळ स्क्रीन मिळून फोन त्याहून जास्त खातो. नळ बारीक आणि बादलीला भोक.

पाच मिनिटं म्हणताहेत. अरे, वर्तुळं राहिली की! पटापट.

पहिलं वर्तुळ, गाडी चालू असताना, नजर रस्त्यावरून न हलवता हात जिथे जातो ते. इथे शोधावं लागेल असं काहीही नको. गॉगल, तोही एकाच जागी. पाण्याची बाटली दाराच्या खणात किंवा कपहोल्डरमध्ये, पायाशी कधीच नाही. माझी एकदा सीटखालून घरंगळत ब्रेकच्या पॅडलमागे गेली होती, पुढे सिग्नल हिरवा होता म्हणून आज बोलतेय. बटणंही याच वर्तुळातली. काच आतून धुरकटली तर एसी चालू करा आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद करा, बरेच जण नेमकं उलटं करतात, श्वासातली वाफ आतच कोंडली जाते. रात्री मागच्या गाडीचे दिवे डोळ्यांत जात असतील तर आतल्या आरशाखाली एक जीभ असते ती ओढा, आरशाची काच पाचरीसारखी असते, मागचा चांदीचा थर तोंड फिरवतो आणि नुसत्या पुढच्या काचेवरून साधारण ४ टक्के प्रकाश तुमच्यापर्यंत येतो. आणि पेट्रोलच्या काट्याशेजारचा बाण, टाकीचं झाकण कुठल्या बाजूला ते सांगणारा. जिम मॉयलन नावाचा फोर्ड कंपनीचा माणूस १९८६ मध्ये कंपनीची गाडी घेऊन पेट्रोल भरायला गेला, चुकीच्या बाजूने लावली, पावसात भिजला, आणि ऑफिसात येऊन त्याने ओल्या कपड्यांनिशी तो बाण सुचवणारी टिपण लिहिली. भिजलो आपणही आहोत. आपण टिपण लिहिलं नाही.

दुसरं वर्तुळ, गाडी थांबवून, हँडब्रेक ओढून. ग्लोव्ह बॉक्स, आर्मरेस्टखालचा डबा, सीटमागचे खिसे. कागदपत्रं, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, लिहिणारं पेन. ग्लोव्ह बॉक्समध्ये थंड हवेची चकती असेल तर हीटर लावताना ती बंद करा, नाहीतर काही गाड्यांत आत ठेवलेलं शेकून निघतं. गोळ्या, पॉवर बँक, सिगारेट पेटवायचा लायटर, स्प्रेचे डबे गाडीत सोडून जाऊ नका. उन्हात बंद गाडी तासाभरात बाहेरपेक्षा सरासरी २२ अंशांनी तापते, आणि त्यातला बहुतेक ताप पहिल्या अर्ध्या तासातच चढतो, काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

तिसरं, इंजिन बंद करून, उतरून. म्हणजे डिकी. जड सामान खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. जॅक-पान्यावर पिशव्या रचू नका, स्टेपनी भर पावसात लागते. पिशव्या अडकवायच्या हुकावर किती किलो ते बहुतेक गाड्यांत लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. आणि काचेपाशी ते जे पार्सल ट्रे म्हणतात, त्यावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. नावात ट्रे आहे, पण काम झाकणाचं. गाडी ५० च्या स्पीडने जाऊन कशाला धडकली तर ट्रेवरची छत्री थांबत नाही, ती त्याच वेगाने पुढे येते, आणि ५० चा वेग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलेल्या वस्तूचा वेग. छत्री तुमच्याच मानेकडे येते.

हो हो, थांबते. सीटवरच्या डोकं टेकायच्या उशीबद्दल सांगायचं होतं, ती काच फोडायला काढता येते म्हणून जे फिरतं ना, ते खरं नाही, ती मान वाचवायला आहे, वरची कड डोक्याच्या टोकाएवढी आणा, मानेपाशी ठेवू नका. सीटची मेमरी राहिली, काचांचं राहिलं. ज्यांना हवंय त्यांनी खाली पार्किंगमध्ये या, माझी गाडी उघडून दाखवते. लोखंडी किल्लीने. सायरन वाजेल, घाबरू नका.