कबूल, कबिला, मुकाबला : अरबीचा पहिला आठवडा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापला आहे तो ‘अरबी का शिकावी’. त्या ‘का’कडे मी येणार आहे. पण त्याआधी ‘सुरुवात कुठून करावी’ यावर थोडं बोलू द्या. अरबी सोडून दिलेली जी माणसं मला भेटली, त्यातल्या बहुतेकांना ‘का’ पक्कं ठाऊक होतं. ती अडली सुरुवातीलाच.

आधी एक छोटा प्रयोग करू. शाळेत नाव पुकारल्यावर आपण काय म्हणत होतो? ‘हजर’, बरोबर. त्याची नोंद होते ती? हजेरी. आणि राजासमोर उभं राहून त्याला हाक मारायची ती? हुजूर, मागून अगदी बरोबर उत्तर आलं. या तिन्ही शब्दांत मला तीनच व्यंजनं दिसतात : ह, ज, र. अरबीत हे धातूचे तीन वर्ण आहेत आणि त्यांचा मूळ अर्थ समोर असणं, उपस्थित असणं. आज अरबी वर्गात पुकारा झाला की विद्यार्थी ‘हादिर’ म्हणतो. तो आपलाच ‘हजर’. म्हणजे या सभागृहात अरबीचा पहिला धडा झालासुद्धा.

आता माझी तक्रार. ती मी बरीच वर्षं मनात ठेवली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी पहिल्यांदा ज्या वर्गात गेलो तिथं आम्हाला सहा महिने रोमन लिपीतली पानं दिली गेली. ‘लिपी अवघड आहे, ती नंतर’, असं सांगितलं. आम्ही वाक्यं पाठ केली : हे पुस्तक आहे, तो माझा भाऊ आहे, स्टेशन कुठे आहे. शंभर-दीडशे वाक्यं झाली, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध लागेना. प्रत्येक शब्द सुटा यायचा, सुटाच विसरला जायचा. वर्गात चाळीस जण होते, सहाव्या महिन्यात नऊ उरले. जे गेले ते कमी बुद्धीचे नव्हते. त्यांना या भाषेचं दार कुठे आहे ते कुणी दाखवलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे मी एका वृद्ध उस्तादांकडे जाऊ लागलो. त्यांनी तीन आठवडे फक्त लिपी गिरवून घेतली. अठ्ठावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे. त्यातली बावीस पुढच्या अक्षराचा हात धरतात आणि सहा धरत नाहीत : अलिफ, दाल, झाल, रा, झाय, वाव. हे एकदा हाताला कळलं की वाचन सुरू होतं. मग त्यांनी हातात कोश दिला. अरबी शिकणारे ज्याला नुसतं ‘हान्स वेअर’ म्हणतात तो. मूळ जर्मन आवृत्ती 1952ची, इंग्रजी 1961ची. म्हणाले, ‘इस्तिक्बाल’ हा शब्द शोधा. मी अलिफची पानं उघडली. शब्द अलिफनं सुरू होतो, तिथंच असणार. नव्हता. पानंच्या पानं उलटली. अर्धा तास गेला असेल. उस्ताद शांत बसून होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘कबूल हा शब्द तुमच्या भाषेत आहे ना?’ म्हटलं, आहे. ‘आणि मुकाबला?’ आहे. ‘कबिला?’ तोही आहे. ‘मग क, ब, ल खाली बघा.’

मी ते पान उघडलं आणि तिथं सगळं गोत एकत्र बसलेलं होतं. कबूल म्हणजे स्वीकार. मुकाबला म्हणजे समोरासमोर येणं; आजच्या अरबीत मुलाखतीलाही हाच शब्द आहे. कबिला म्हणजे टोळी. किब्ला म्हणजे जिकडे तोंड करून प्रार्थना करायची ती दिशा. मुस्तक्बल म्हणजे भविष्यकाळ, जो समोर आहे तो. आणि खाली, बराच खाली, इस्तिक्बाल : समोर जाऊन केलेलं स्वागत. सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट होती, समोर असणं, तोंड देणं. त्या एका संध्याकाळी मला सहा महिन्यांपेक्षा जास्त अरबी आलं. आणि त्यातलं निम्मं मला आधीपासून येत होतं, हे सांगायला तोवर कुणी भेटलं नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. मराठी माणसानं अरबीची सुरुवात धातूपासून करावी, आणि धातू आपल्याच शब्दांतून शिकावेत. आपल्याला संस्कृत धातूंची सवय आहेच. कृ पासून कर्ता, कार्य, कृती होतात हे सांगायला लागत नाही. अरबीत फरक इतकाच की धातूची व्यंजनं जागच्या जागी राहतात आणि स्वर त्यांच्यामधून फिरतात. काही अक्षरं पुढे-मागे चिकटतात. हे साचे ठरलेले आहेत.

एक साचा घेऊ. पुढे ‘म’, आणि दुसऱ्या-तिसऱ्या व्यंजनांमध्ये ‘ऊ’. अर्थ : ज्याच्यावर क्रिया झाली ते. नजर म्हणजे पाहणं, मंजूर म्हणजे जे पाहिलं गेलं, पाहून मान्य झालं. न्यायालयातला नाझर म्हणजे पाहणारा, देखरेख करणारा. जिकीर म्हणजे उल्लेख, मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला ते. हासील, तहसील, महसूल ही तिघं एका घरातली. मिळणं, गोळा करणं, गोळा केलेलं. आणि मला सगळ्यात आवडणारी जोडी : जप्त आणि मजबूत. मुळात आवरून, घट्ट धरणं. धरलं ते जप्त, घट्ट धरलेलं ते मजबूत. दोन शब्द आयुष्यभर शेजारी वापरले, पण ती भावंडं आहेत हे मला कोशानं सांगितलं.

सावध मात्र राहायचं. ‘मजूर’ याच साच्यातला वाटतो, पण तो फारसी ‘मजदूर’वरून आला आहे. मूळ शोधताना कान फसतो, कोश उघडावाच लागतो.

आणखी दोन घरं पटकन. राजी, मर्जी, रजा : तिन्हींत संतोष, संमती. मुक्काम, कायम, किंमत : तिन्हींच्या मुळाशी उभं राहणं. जो उभा राहिला तो कायम, जिथं उभं राहिलं तो मुक्काम, आणि वस्तू जितक्याला उभी राहते ती किंमत. मी हे सांगताना दरवेळी थांबतो, कारण ‘किंमत’ हा शब्द त्यानंतर पूर्वीसारखा ऐकू येत नाही.

इथं दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, हे शब्द आपल्याकडे फारसीतून आले ना? हो, बहुतेक फारसीच्या वाटेनं आले आणि वाटेत उच्चार बदलले. अरबीत द्वाद, झाल, झाय आणि द्झा अशी चार वेगळी अक्षरं आहेत. मराठीत येईपर्यंत चारही ‘ज’ झाली. राजीतला ज वेगळा, नजरेतला वेगळा, जिकीरमधला वेगळा. त्यातल्या द्वादचा अरबांना इतका अभिमान की ते आपल्या भाषेला ‘द्वादची भाषा’ म्हणतात. म्हणून शब्द ओळखीचा असला तरी उच्चार नव्यानं शिकावा लागतो. घशातून येणारा ‘काफ’ आणि आपला साधा ‘क’ वेगळे ठेवायलाच हवेत. ‘कल्ब’ घशातून म्हटला तर हृदय, साधा म्हटला तर कुत्रा. कुणाला प्रेमानं ‘माझ्या हृदया’ म्हणायचं असेल त्यानं आधी हा काफ घटवून घ्यावा.

दुसरा प्रश्न अर्थाचा. अर्थ सरकले आहेत, खरं आहे. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोखा. तालीम म्हणजे शिक्षण. आपण ती आखाड्यात नेली. जिल्हा ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ बरगडी, बाजू. पण मला यात अडचण दिसत नाही. सरकलेला अर्थ जास्त लक्षात राहतो. बरगडी एकदा ऐकलेला माणूस तो शब्द विसरत नाही.

बोलीभाषेबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण तिथं अनेकांचा धीर सुटतो. पुस्तकात, बातम्यांत, भाषणात जी अरबी असते ती फुस्हा, प्रमाण अरबी. घरात आणि रस्त्यावर ती कुणी बोलत नाही. ‘तुला काय हवं?’ हे फुस्हात ‘माझा तुरीद?’, कैरोत ‘आयेझ एह?’, दमास्कस-बेरूतकडे ‘शू बिद्दक?’, मोरोक्कोत ‘श्नू बघीती?’. एक शब्दही सारखा नाही. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञानं 1959 साली अशा दुहेरी भाषास्थितीला ‘डायग्लॉसिया’ हे नाव रूढ केलं, तेव्हा त्याच्या चार उदाहरणांत अरबी होतीच. नवख्यानं काय करावं? माझा सल्ला : फुस्हाचे धातू आणि साचे पहिलं वर्ष, आणि त्याच वर्षात एक बोली कानावर. कुठली, ते तुम्हाला कुणाशी बोलायचं आहे त्यावर ठरवा. चार बोली एकदम मुळीच नकोत.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, सात मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय सात मिनिटांत. ठीक आहे, भराभर सांगतो.

व्यवहाराचं कारण तुम्हाला माहीत आहे. अरब लीगचे 22 सदस्य देश. 18 डिसेंबर 1973 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं अरबीला आपल्या अधिकृत भाषांत घेतलं, म्हणून तो दिवस अरबी भाषेचा दिवस मानतात. नोकरी, व्यापार, भाषांतर, बातम्या मुळातून समजणं, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी ते त्यांच्यावर सोपवतो.

माझं कारण ग्रंथांचं आहे. आपल्याकडून गेलेल्या कितीतरी गोष्टी जगाला अरबीतून मिळाल्या. पंचतंत्र पहलवीत, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या भाषेत गेलं, तिथून आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फानं अरबीत आणलं. करटक-दमनक ‘कलीला व दिम्ना’ झाले. ते पहलवी भाषांतर हरवलं, अरबी टिकलं, आणि युरोपच्या भाषांत ती गोष्ट अरबीच्या वाटेनं पोचली. शून्याचं ‘सिफ्र’ झालं, सिफ्रचं झीरो. बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीनं नवव्या शतकाच्या सुरुवातीला बीजगणिताचं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातून ‘अल्गोरिदम’ आला. पुस्तकाच्या नावात दोन क्रिया आहेत : अल्-जब्र आणि, ऐका, अल्-मुकाबला. समीकरणाच्या दोन बाजू समोरासमोर ठेवून सारखी पदं काटायची, तो मुकाबला. क, ब, ल.

इब्न अल्-हैथमचा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ ‘किताब अल्-मनाझिर’. मनाझिर कुठून? नजर. इतिहासकार इब्न खल्दूननं 1377 साली लिहिलेली ‘मुकद्दमा’, म्हणजे ग्रंथाच्या पुढे ठेवलेलं प्रास्ताविक. आपला मुकादम म्हणजे लोकांच्या पुढे ठेवलेला माणूस. ही नावं परकी वाटतात ती फक्त लिपीमुळे.

शेवटचं एकच, आणि ते मला सांगितल्याशिवाय राहवणार नाही. अल्-बीरूनी, अकराव्या शतकातला विद्वान. त्यानं प्रौढपणी संस्कृत शिकायला घेतली. आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तो अडचणी लिहून ठेवतो : एकाच वस्तूला अनेक नावं, असे ध्वनी की आमच्या जिभेला जमत नाहीत आणि कानाला वेगळे कळत नाहीत, नकलकारांचा निष्काळजीपणा. अरबीत विद्वान झालेला माणूस संस्कृतपुढे नवखा होऊन बसला होता, आणि सुमारे 1030 साली त्यानं भारतावरचा ग्रंथ पूर्ण केला. त्याचं पूर्ण नाव असं : ‘तहकीक मा लिल्-हिंद मिन् मकूला मकबूला फिल्-अक्ल औ मर्झूला’.

घाबरू नका, आपण एकत्र वाचू. तहकीक : हक्क, हकीकत यांच्या घरातला, खरं काय ते तपासणं. हिंद कळला. मकूला : आपला ‘कौल’, म्हणणं, म्हणजे जे म्हटलं गेलं ते. मकबूला : हो, कबूल, पुन्हा तोच धातू. अक्ल : अक्कल. हिंदबद्दल जे म्हटलं जातं, अकलेला कबूल असलेलं ‘औ’, म्हणजे किंवा… आता राहिला मर्झूला. हा धातू आपल्या रोजच्या मराठीत नाही. पण साचा बघा : पुढे म, मध्ये ऊ, मंजूर-मजकूरसारखा. आणि तो ‘किंवा’ म्हणून कबूलच्या समोर उभा केला आहे. काय अर्थ असेल?

पहिल्या रांगेतून आलं. नाकारलेलं. अगदी बरोबर.