कात्रज ते भुईंज

नमस्कार श्रोतेहो. आजच्या भाषणाचा विषय मोठा भारदस्त आहे: मेंदूचे विकार आणि त्यांचा हालचाल, भाषा व शिकणं यांवर होणारा परिणाम. दहा मिनिटांत एवढं सगळं सांगायचं तर नुसती यादीच वाचावी लागेल. म्हणून मी एकच टोक धरते, अर्धांगवायूचं. कुणी लकवा म्हणतं, कुणी पक्षाघात. आमच्या सातारकडे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं."

मी वाचा-उपचार करते. लोक मला 'बोलायच्या डॉक्टरीणबाई' म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण आता दुरुस्त करायचंही सोडून दिलंय.

थोडक्यात सांगते. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. बहुतेकांची भाषाही त्याच डाव्या भागात असते. त्यामुळे तिथली रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली किंवा फुटली, तर उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं अशी तिन्ही एकदम जाऊ शकतात. बोलणं जातं त्याला वाचाघात म्हणतात. काहींना दुसऱ्याचं बोलणं समजायलाही जड जातं. पण पुष्कळांना समजतं, फक्त शब्द बाहेर येत नाही. हे लक्षात ठेवा श्रोतेहो: शब्द गेला म्हणून समज गेली असं धरून चालू नका.

आणि दुसरं. तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ अडखळायला लागली, की आधी घड्याळ बघा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. तेव्हा सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. कबुतराच्या रक्ताची मालीश करणाऱ्याकडे नको. हो, अजून करतात, आणि शिकली-सवरलेली माणसं गाडी करून तिथं जातात. मला त्या कबुतराची कीव येते, पेशंटचीही येते.

आता माझ्या मामांची गोष्ट. मामा एसटीत कंडक्टर होते. स्वारगेट-सातारा गाडीवर त्यांची निम्मी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर एका दुपारी जेवून उठताना त्यांचा तोल गेला. घरच्यांना वाटलं, उन्हातून आलेत, दमलेत, झोपू दे. झोपू दिलं. दिवेलागणीला उठवायला गेले तर उजवं अंग गेलेलं आणि वाचाही.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता: "पुढं." पाणी हवं असलं की पुढं. पंखा लागतोय, पुढं. राग आला की पुढं, पुढं, पुढं! आयुष्यभर "पुढं सरका, पुढं सरका" म्हटलेल्या माणसाच्या तोंडात तेवढाच शब्द अडकून बसला होता. असं होतं बरं का. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक रुग्ण होता. त्याला फक्त 'तां' एवढंच म्हणता यायचं, आणि संतापला की एखादी शिवी. 1861 साली तो वारल्यावर ब्रोका नावाच्या डॉक्टरनं त्याचा मेंदू तपासला. डाव्या कपाळामागचा भाग खराब झालेला निघाला. त्या भागाला आजही ब्रोकाचंच नाव आहे. ज्याच्यामुळे हे सगळं कळलं, तो बिचारा मात्र 'तां' म्हणूनच ओळखला गेला.

तर मामा. मामी विचारायची, "चहा टाकू?" ते हो म्हणून मान हलवायचे आणि कप समोर आला की ढकलून द्यायचे. वाचाघातात सुरुवातीला हो-नाहीचीही अदलाबदल होते. पण भेटायला येणाऱ्यांनी निकाल देऊन टाकला, डोक्यावर परिणाम झालाय. एक पाहुणे तर कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलायचे. अहो, कान शाबूत होते त्यांचे!

मी आपली दर रविवारी चित्रांची कार्डं घेऊन जायची. कप, गाय, छत्री. मामा गाईकडे बघायचे, ओठ जुळवायचे, म्हणायचे "पुढं", आणि डोळे भरून यायचे. असे सहा रविवार गेले.

सातव्या रविवारी मी दारात पोचले तर आतून टिक-टिक आवाज येत होता. मामांची आठ वर्षांची नात. तिनं ट्रंकेतून आजोबांचा तिकिटाचा पंच शोधून काढला होता. आता ती यंत्रं आली, कागदाची सुरळी बाहेर येते, दोन दिवसांत अक्षरं पुसून जातात. त्या पंचची टिक-टिक गेली तशी एसटीतली निम्मी मजा गेली, असं माझं मत. असो. पोरीनं पंच मामांच्या डाव्या हातात दिला होता, खाटेमागं दोन खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मागल्या खुर्चीवरून तिनं विचारलं, "ओ कंडक्टर, कात्रज आलं का?"

मामा म्हणाले, "कात्रज."

आणि थांबलेच नाहीत. "कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, वेळे, सुरूर, भुईंज, पाचवड, आनेवाडी, लिंब, सातारा!" एका दमात, ठेक्यात, आधी म्हणायचे अगदी तसं. मामी स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी धावत आली. मी दारातच, हातात गाईचं कार्ड.

याचं कारण असं, की हजारदा घोकलेलं बोलणं नव्यानं जुळवलेल्या वाक्यासारखं तयार होत नाही. अभंग, आरती, पाढे, शिव्या, वारांची नावं, यांना मेंदूचा उजवा भाग आणि आतले सवयीचे भाग हात देतात. म्हणून पाणी मागता न येणारा माणूस कधीकधी अख्खी आरती म्हणतो. 1973 पासून याच्या आधारानं, सुरात बोलायला लावून उपचार करायची एक पद्धतही आहे. आणि जाता जाता, शाळांतून पाढ्यांची घोकंपट्टी काढून टाकणाऱ्यांना माझा नमस्कार! म्हातारपणी कळेल.

पण गंमत पुढेच आहे. मी मामांना विचारलं, "मामा, नुसतं 'सुरूर' म्हणा." जमेना. 'पुढं' आलं. पोरांना 'बारा सक' विचारलं की ती 'बारा एके'पासून सुरुवात करतात ना, तसंच. कात्रजपासून निघाले तरच सुरूर यायचं.

एका संध्याकाळी मामा फार अस्वस्थ झाले. मामीनं पाणी, चहा, गोळी, उशी, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, वेळे, सुरूर, भुईंज. आणि गप्प. मामी म्हणाली, "अहो, पाचवड?" त्यांनी डाव्या हातानं खाट आपटली. पुन्हा कात्रजपासून. पुन्हा भुईंजला थांबले.

भुईंजला माझी मावशी असते. मामांची थोरली बहीण, आक्का.

सहा रविवार मी त्यांना गाय म्हणायला शिकवत होते, श्रोतेहो. त्यांना आक्का म्हणायचं होतं.

त्यानंतर मी कार्डं ठेवून दिली आणि थांब्यांवरूनच काम सुरू केलं. मी 'कात्रज' म्हणायचं, त्यांनी पुढचं म्हणायचं. मग ठेका तोच ठेवून मधे 'चहा' घालायचा. शेकडो वेळा. खराब झालेला भाग परत येत नाही, पण आजूबाजूचा मेंदू शिकतो, आणि शिकतो तो सरावानंच. पायाचंही तसंच, म्हणून फिजिओथेरपी. लहान वयात मेंदूला इजा झाली तर पुष्कळदा भाषा उजव्या भागात बिऱ्हाड करते. साठीनंतर तेवढी लवचीकता राहत नाही. मामांना आठ महिन्यांत दहा-बारा शब्द आले. पेन्शनच्या कागदावर डाव्या हातानं सही करायला शिकले. उजवा हात काही आला नाही.

वेळ संपत आलीय. दोनच गोष्टी पुन्हा सांगते. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, तर घड्याळ बघा. आणि शब्द गेला म्हणजे समज गेली असं धरू नका. ओरडूही नका.

आक्का त्या भुईंजच्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी एसटीनं आली. खाटेच्या कडेला टेकली. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. मामांनी उशाखालचा पंच काढला आणि एकदा वाजवला. टिक. आक्कानं कनवटीचं दहाचं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

मामा म्हणाले, "पुढं."

आक्का जराशी पुढं सरकून बसली.