तार कुठवर आली?

गोव्यात वाळपईहून सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांकडे जाताना वीजखांबांवर नजर ठेवा. विजेच्या तारांखाली एक बारीक काळी केबल लोंबते. तीच इंटरनेट आणणारी फायबर. पावसाळ्यात कुठे आंब्याची फांदी मोडते, कुठे अख्खा माड आडवा होतो, आणि पलीकडच्या वाड्यांचं इंटरनेट जातं.

मग दुरुस्तीवाला येतो. जोडीदार डोक्यावर छत्री धरतो. केसाएवढ्या काचेच्या तंतूचं टोक पुसून, सरळ कापून तो स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवतो. छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच काचेत वितळते. पाण्याचा थेंब, धुळीचा कण चालत नाही. भर पावसात हे काम करणाऱ्या हातांचं मोल आपल्या बिलात कुठे दिसत नाही.

मोबाइलने ही कटकट मिटवली, असं लोकांना वाटलं तर नवल नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०२४ साली देशात ब्रॉडबँडचे ९० कोटींहून अधिक ग्राहक होते. त्यांत तारेवरचे जेमतेम ४ कोटींच्या आसपास.

पण सह्याद्रीच्या पायथ्याशी डोंगर आडवा येतो. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्यातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगर चढली. आणि टॉवर नको म्हणणाऱ्या ग्रामसभाही याच गोव्यातल्या. टॉवरच्या लहरींबद्दलची त्यांची भीती ऐकून घ्यायलाच हवी, पण मुलांनी अभ्यास कुठे बसून करायचा, याचंही उत्तर त्याच सभेत मिळायला हवं.

२०२३ पासून एअरफायबर आलं, म्हणजे तारेविना घरचं इंटरनेट. छपरावर ५जीची पेटी, घरात वायफाय. विखुरलेल्या वाड्यांना ही खरी सोय आहे. मात्र टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की वेग उतरतो. कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, दाट, ओल्या पानांतून लहरी क्षीण होतात.

शिवाय त्या टॉवरपर्यंत इंटरनेट येतं कशातून? अनेक ठिकाणी फायबरमधूनच. ती तुटली, की पेटीही मुकी.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. एअरफायबर जरूर घ्या, पण गावापर्यंतची फायबर खांबावरून उतरवून जमिनीखाली न्या. पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणला जातोच. त्याच चरात फायबरची नळीही टाका. निविदेत तशी अट घाला, आणि ती पाळली का, हे चर बुजवण्याआधी पंचायतीने जाऊन बघावं.