कंदीलपुष्प: माशीला दोनदा फसवणारं फूल

कंदीलपुष्प बघून वाटतं की फूल अजून बंदच आहे, पण ते पूर्ण उमललेलं असतं बरं का. पाचही पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटूनच राहतात, मधे फटी, खाली बारीक नळी आणि तळाशी फुगीर खोली, म्हणून नाव कंदीलपुष्प. खरचुडी पण म्हणतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया, स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ मध्ये दिलेलं, आणि कूळ आपल्या रुईचं.

आता या फुलाच्या तोंडाशी येणाऱ्या माशीकडे वळू. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, चहाच्या कपावर घोंगावते ती नव्हे, चटकन नजरेतही भरत नाही. वासाच्या मागे येते, फटीतून आत शिरते, नळीत पाय घसरतो आणि थेट खालच्या खोलीत. बऱ्याच जातींमध्ये नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे आत जायला वाट आहे, परतीला नाही.

खोलीत थोडासा मध असतो. माशी तो चाटायला जाते आणि तिची सोंड एका अरुंद खाचेत अडकते, ओढून काढताना एक गडद तपकिरी बारीकसा भाग कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा सोंडेला बसतो आणि त्याला लटकलेले असतात दोन पिवळे मेणचट परागपुंज. रुईच्या फुलातही हीच व्यवस्था असते, पराग सुटे नसतातच, सगळा माल एकगठ्ठा जातो.

मग साधारण एखाद्या दिवसाने केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी सुटते. पण तिने दुसऱ्या कंदिलात पुन्हा अडकायलाच हवं, आणि तिथे तो पुंज नेमक्या खाचेत सरकायला हवा, तरच बी धरणार. म्हणून एवढी फुलं येऊन शेंगा मात्र थोड्याच लागतात.

माशी दुसऱ्यांदा का फसते, याचं सगळ्यात भारी उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आलं. सेरोपेजिया सँडरसोनी नावाची तिथली वेल. कोळ्याने मधमाशी पकडली की तिच्या अंगातून गळणारा रस चोरून प्यायला काही बारक्या माश्या येतात, आणि ही वेल हुबेहूब जखमी मधमाशीचा वास सोडते! हे संशोधन २०१६ मध्ये छापून आलं. म्हणजे माशी येते ती जेवण मिळेल म्हणून, फुलाचा रंग बघून नाही.

उत्क्रांतीची गोष्ट तर अजून गुंतागुंतीची आहे. डीएनए तपासल्यावर कळलं की आपल्या माळरानावरची माकडशिंग आणि तिचे आफ्रिकेतले मांसल, सडक्या मांसाचा वास मारणारे भाऊबंद, शिवाय ब्रॅकिस्टेल्मा नावाचा वनस्पतींचा गट, हे सगळे सेरोपेजियाच्याच वंशवृक्षाच्या आतल्या फांद्या आहेत. यातल्या बहुतेकांची फुलं सताड उघडी, म्हणजे इतका घडवलेला सापळा काही वंशांनी चक्क सोडून दिला, तोही एकदाच नाही. २०१७ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हे सगळे एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, टाकले आणि जातींचा आकडा सातशेच्या वर गेला. सगळ्यांना ते मान्य नाही, आणि मलाही माकडशिंगेला सेरोपेजिया म्हणणं जड जातं, पण वंशावळ मात्र पटते.

सह्याद्रीत कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती फक्त इथल्याच आहेत. हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लॉई, जुन्नरच्या डोंगरातली महाबळेई, जिला पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे यांचं नाव दिलंय. पावसाला सुरुवात झाली की कंदातून कोंब फुटतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं, नंतर शिंगांसारख्या जोडशेंगा तडकतात आणि रेशमी झुपके लावलेल्या बिया वाऱ्यावर जातात, वरचं झाड वाळून जातं. कंद खाता येतो म्हणून गुराखी उकरतात, रानडुकरंही उकरतात. पण फोटो काढायला गवत तुडवत जाणारे आणि फूल तोडून हातात धरणारे आपण लोक, त्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तोडलेल्या फुलात त्या वेळी पराग घेऊन आलेली माशी असू शकते.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात या वनस्पती गोळा करून वाढवल्यात, आणि ते काम फार मोलाचं आहे. कंद लावता येतो, ऊतीसंवर्धनानेही, म्हणजे झाडाचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत वाढवूनही, रोपं होतात, पण हाताने परागण करायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली तो इवलासा पुंज सुईने उचलून बरोबर बाजूने खाचेत बसवावा लागतो, बाजू चुकली की बी नाही.