मणक्यात सिमेंट भरलं, मग हाडं पक्की झाली का?

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि मणक्यातल्या सिमेंटवर बोला म्हणून तुम्ही कधीपासून मागे लागला आहात.

तर मूळ गोष्ट पटकन. हाडं ठिसूळ झाली की वाकून बादली उचलली तरी मणका दबतो. पाठीतून सुई घालून, एक्स-रे बघत त्या मणक्यात सिमेंट भरतात, ती व्हर्टिब्रोप्लास्टी. आधी फुग्यानं जागा केली तर कायफोप्लास्टी. मोठी चिरफाड नाही. 1984 साली फ्रान्समध्ये सुरुवात झाली.

सगळ्यांना लागत नाही हं! बरेचसे मणके दीड ते तीन महिन्यांत औषधांवर शांत होतात. 2009 साली दोन अभ्यास आले, त्यात सिमेंट न भरता नुसती सुई टोचलेल्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला. दुखण्यानं अंथरूण सुटत नसेल आणि एमआरआयवर फ्रॅक्चर ताजं असेल, तर जरूर विचारा. पायातली ताकद गेली, लघवीवर ताबा राहिला नाही, तर व्हिडिओ बंद करा आणि आधी हॉस्पिटल गाठा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. सिमेंट भरतात ते एका मणक्यात. एका! वाळवी लागलेल्या वाड्याची एक तुळई बदलली, बाकीच्या तशाच आहेत.

दांडिया बाजारातल्या एक काकू. सिमेंटनंतर दुखणं थांबलं, गोळ्याही थांबल्या. दिवाळीत माळ्यावरचे डबे काढले आणि वरचा मणका दबला. घरचे म्हणाले, ऑपरेशन फसलं. अहो, नाही फसलं! सिमेंट जागच्या जागी होतं. ठिसूळपणावर इलाजच चालू नव्हता.

एका ताईंनी कमेंटमध्ये विचारलंय, "आईला सिमेंट भरलंय, आता डेक्सा कशाला?" त्यासाठीच तर! डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी. तिच्यात येणारा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडांचा ठिसूळपणा. आणि आकडा बरा आला तरी किरकोळ कारणानं मणका मोडणं हीच ठिसूळपणाची खूण आहे. नुसतं कॅल्शियम पुरत नाही. वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रोनिक ॲसिड, रोजचं टेरिपॅराटाइड किंवा दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब, यातलं काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. डेनोसुमॅबची तारीख मात्र चुकवायची नाही; ते मध्येच सोडलं तर एकापाठोपाठ मणके दबू शकतात. मुलं कॅनडात, आई रावपुऱ्यात एकटी, असं इथं घरोघरी आहे. त्या तारखेचा रिमाइंडर मुलांनो, तुमच्या फोनमध्ये लावा.