कंबर दुखतेय, ताप येतोय… घरी जनावरं आहेत का?

(दृश्य : मणक्याचा जवळून घेतलेला फोटो)

हा कमरेचा मणका इटलीतल्या हर्क्युलेनियम गावातल्या माणसाचा आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा तिथली माणसं जीव वाचवायला समुद्राकाठच्या होड्यांच्या गाळ्यांमध्ये शिरली आणि तिथेच गेली, त्यांचे सांगाडे राखेखाली जवळपास दोन हजार वर्षं तसेच राहिले. लुईजी कापासो या इटालियन संशोधकाने ते तपासले तेव्हा बऱ्याच जणांच्या मणक्यांत त्याला एकच खूण दिसली, पुढच्या बाजूचा वरचा कोपरा कुरतडल्यासारखा झालेला. त्याच गावात जळून कोळसा झालेलं चीजही सापडलं होतं, त्यात त्याला ब्रुसेलासारखे दिसणारे जंतू आढळले. ब्रुसेला म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाचा जंतू. दिसणारे म्हणतोय, कारण नुसत्या दिसण्यावरून खात्री देता येत नाही.

पण अल्बेनियात बुट्रिंटजवळ मध्ययुगातले दोन सांगाडे मिळाले, दोन्ही वयात येणाऱ्या मुलांचे. मणके खराब झालेले, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं टीबी असणार. हाडातला डीएनए तपासला तर टीबीचा पत्ता नाही, सापडला तो ब्रुसेला. शेकडो वर्षांपूर्वीच्या हाडांबाबत झालेली ही गफलत आजही जिवंत पेशंटच्या बाबतीत होतेय, आणि हा व्हिडिओ आम्ही त्याचसाठी करतोय.

(दृश्य : सकाळचा गोठा, धार काढणारे हात)

जनावरांमध्ये या रोगाला आपल्याकडे सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, आणि ती वार, ते मेलेलं वासरू, ते पाणी, सगळ्यात जंतू खच्चून भरलेले असतात. मग घरातलं कुणीतरी हात घालून वार काढतं, हातमोजे नसतात, बोटाला कुठेतरी चिरलेलं असतं, झालं, तिथून जंतू आत. दुसरी वाट निरशा दुधाची. आपल्याकडे बहुतेक घरांत दूध उकळूनच घेतात आणि उकळल्यावर हा जंतू मरतो, ही फार चांगली सवय आहे, पण धार काढता काढता फुलपात्रभर धारोष्ण दूध पिणारे आजही आहेत, आणि निरशा दुधाचं लोणी किंवा चीज हेही तितकंच धोक्याचं.

दुधाचा धोका जगाला कळला तो माल्टा बेटावर. तिथले ब्रिटिश सैनिक महिनोन्‌महिने तापाने पडून असायचे, डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं, तेव्हा थेमिस्टोक्लेस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने दाखवलं की दिसायला ठणठणीत शेळ्यांच्या अंगात तो आहे. १९०६ मध्ये सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने ओसरला.

(दृश्य : मणक्याचं चित्र, रक्तवाहिन्या लाल रंगात)

आता तो हाडात का जातो ते बघू. आपल्या शरीरात जंतूंना गिळून मारणाऱ्या पेशी असतात, ब्रुसेला नेमका त्यांच्याच पोटात राहून वाढतो, आणि त्यांच्यावर बसून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा असा सगळीकडे फिरतो. मणक्याच्या कडांना रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथे मुक्काम पडतो, बहुतेक वेळा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याशी. पुढचा वरचा कोपरा खाल्ला जातो, एक्सरेवरच्या त्या खुणेला पेद्रो पोन्स या स्पॅनिश डॉक्टरचं नाव आहे. आणि गंमत नाही, खरंच विचित्र आहे, एकीकडे हाड झिजत असतं आणि दुसरीकडे शरीर तिथेच नवीन हाड घालत असतं, त्यामुळे कडेला पोपटाच्या चोचीसारखी वाढ दिसते.

टीबीत बहुतेकदा चित्र वेगळं असतं. तो छातीच्या किंवा छाती-कमरेच्या मधल्या मणक्यांत जास्त बसतो, मणका ढासळतो, पाठीला बाक येतो, बाजूला मोठा पू साठतो. ब्रुसेलात मणक्याचा आकार बराचसा टिकून राहतो. पण सुरुवातीला दोघं सारखेच दिसतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत तर साध्या एक्सरेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्येच कळतं. आपल्या देशात टीबी इतका आहे की डॉक्टरांच्या डोक्यात तोच आधी येणार, त्यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अडचण पुढे होते. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं आणि ते ब्रुसेलावरही चालतं, म्हणून पेशंटला थोडा आराम पडतो, सगळ्यांना वाटतं निदान बरोबर आहे, आणि जंतू मात्र अर्धवट मारलेला तसाच आत राहतो.

मणक्याइतकाच, तरुणांमध्ये तर त्याहून जास्त, पकडला जातो तो कंबर आणि ओटीपोटाचं हाड जोडणारा सांधा, सॅक्रोइलियाक. कुल्ल्यात एका बाजूला ठणका, उठता-बसता कळ, पायात उतरणारी वेदना. लोक म्हणतात नस दबली, गादी सरकली, मग पट्टा, मालिश, शेक, नाक्यावरच्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन, कधी त्यात स्टिरॉइडही असतं आणि त्याने दोन दिवस बरं वाटून आतलं इन्फेक्शन चेकाळू शकतं. लहान मुलांत गुडघा किंवा खुबा सुजतो, मूल लंगडतं, घरचे म्हणतात पडला असेल.

वेगवेगळ्या अभ्यासांत हाडं-सांध्यांच्या त्रासाचं प्रमाण १० टक्क्यांपासून थेट ८५ टक्क्यांपर्यंत सांगितलंय, आकड्यात फरक खूप आहे पण या आजाराची सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत हीच. आणि ती दुर्लक्षित राहिली तर मणक्याच्या आत पू होऊन मज्जारज्जू किंवा नसा दाबल्या जातात, पायातली ताकद जाते, लघवीवर ताबा राहत नाही. असं काही जाणवलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला जा.

(दृश्य : लॅब, काचपट्टीवर गुलाबी थेंब)

तपासणी महागडी नाही. रोज बेंगॉल म्हणून रक्ताची चाचणी आहे, काही मिनिटांत कळते, मग एसएटी किंवा एलायझा या रक्ताच्याच दुसऱ्या चाचण्यांनी खात्री करतात. रक्ताचं कल्चरही लावतात, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात, पण तो हळू वाढतो आणि लॅबमधल्या माणसालाच लागण होऊ शकते, म्हणून शंका आहे हे लॅबला आधी सांगावं लागतं. पण ही चाचणी लिहून द्यायची तर कुणीतरी विचारायला हवं, घरी जनावरं आहेत का, मागच्या काही महिन्यांत गाय, म्हैस, शेळी गाभडली का, वार कुणी काढली. आणि डॉक्टरांनी नाही विचारलं तर तुम्ही स्वतः सांगा. संध्याकाळी चढणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, वजन उतरतंय आणि कंबर धरलीय, हे सांगताना गोठ्याचंही सांगाच. खाटीक, मेंढपाळ, पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक, सगळ्यांनी.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. एरवी डॉक्सीसायक्लिनबरोबर रिफाम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन अशी जोडी देतात, डॉक्सीसायक्लिन किमान ६ आठवडे. मणका धरला असेल तर निदान १२ आठवडे, कधी त्याहूनही जास्त. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, घाबरून गोळ्या बंद करू नका. खरी अडचण अशी की ताप लवकर उतरतो, कंबर हलकी होते, माणूस शेतात कामाला लागतो, गोळ्यांची पाकिटं फळीवर राहतात, आणि काही महिन्यांनी दुखणं परत येतं.

(दृश्य : कालवडीला लस देताना)

गोठ्याकडून हे तोडायचं तर लसच. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच ब्रुसेलाची लस देतात, नरांना नाही. तुमच्या गावात पथक आलं की वय निघून जायच्या आत कालवडी-पारड्यांना टोचून घ्या. लस जिवंत जंतूची असते, म्हणून कालवड घट्ट धरा, टोचणाऱ्याला घाई करू नका, आणि चुकून सुई माणसाला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर ताप यायची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे जाऊन कोणती लस होती ते सांगा.