फ्रेम नेमकी अडते कुठे?

विंडोजसाठीचा एक गेम येथे लिनक्सवर चालू आहे; पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील रेषेकडे पाहा. प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, तयार व्हायला किती वेळ लागला, हे मँगोहड नावाचे छोटे साधन तिथे रेखाटत आहे. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. आता दार उघडले, खेळाडू नव्या दालनात शिरला आणि रेषा एकदम वर उसळली; शेजारचा सरासरीचा आकडा मात्र जवळपास तोच राहिला. त्याच दारातून दुसऱ्यांदा जाताना रेषा सपाट आहे, म्हणजे ग्राफिक्स कार्ड कमी पडले हा समज येथेच निकालात निघतो.

हा गेम डायरेक्टथ्रीडीसाठी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या विंडोजच्या आज्ञासंचासाठी, लिहिलेला आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाइन प्रकल्प 1993 पासून सुरू असून, डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञा तो अनेक वर्षे ओपनजीएल या लिनक्सवर चालणाऱ्या आज्ञासंचात बदलत असे. दोहोंची घडण वेगळी असल्याने त्यात बराच वेग वाया जाई. 2016 मध्ये व्हल्कन हा नवा आज्ञासंच आला. निअर: ऑटोमेटा हा गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून फिलिप रेबोले यांनी डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले, आणि ऑगस्ट 2018 मध्ये स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ते प्रोटॉन या वाइनवर आधारित साधनातून स्टीमच्या वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवले.

तरीही रेषा उसळत राहिली, कारण गेमसोबत आलेला शेडर (रंग-प्रकाश ठरवणारा, कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) आधी व्हल्कनला समजणाऱ्या रूपात आणि मग ड्रायव्हरकडून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, कार्डाच्या आज्ञांत बदलावा लागतो. कोणता शेडर कोणत्या मांडणीत वापरला जाणार, हे डायरेक्टथ्रीडी 11 चा गेम ऐन चित्र काढण्याच्या क्षणी सांगतो, तर व्हल्कनला सगळी जुळणी आधी तयार हवी असते; त्यामुळे ती होईपर्यंत फ्रेम खोळंबते. 2022 मध्ये व्हल्कनमध्ये ही जुळणी सुट्या भागांत आधीच करून ठेवण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या डीएक्सव्हीके 2.0 ने ती वापरली. डाव्या बाजूला जुनी आवृत्ती आहे, उजव्या बाजूला नवी; दार तेच आहे.

एएमडी कार्डांसाठीच्या मेसा या लिनक्सवरील ड्रायव्हरमध्ये व्हॉल्व्हच्या पुढाकाराने लिहिलेला एसीओ हा कंपायलर (शेडर कार्डाच्या आज्ञांत बदलणारा भाग) 2020 पासून मूळ पर्याय झाला, तोही शेडर झटपट तयार करतो म्हणून. हे शक्य झाले ते या ड्रायव्हरची संहिता खुली असल्याने, हे येथे ठासून सांगायला हवे. हातातल्या या स्टीम डेकवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या गेमिंग संगणकावर, तर बहुतेक शेडर तयार होऊनच डाउनलोड होतात, कारण सर्व डेकची घडण जवळपास एकच असते.

मर्यादाही आहेत: व्हॅलोरंटसारखे काही गेम फसवणूक रोखणाऱ्या प्रणालीमुळे लिनक्सवर चालतच नाहीत, आणि व्हल्कन 1.3 न जाणणाऱ्या जुन्या कार्डांना डीएक्सव्हीकेच्या 1.10 मालिकेवरच थांबावे लागते.